कडू कॉफी, डब्यातलं दूध

फिनमधून कॉफी वाहत नाही, ठिबकते. तळहातावर मावेल एवढं स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं, तळाला बारीक भोकं, आत कॉफीवर टेकवायची भोकांचीच एक चकती आणि वर झाकण, एवढाच तो फिन. तो पेल्यावर ठेवायचा, जरा भरड दळलेली कॉफी घालायची, चकती हलकेच दाबायची. आधी चमचा-दोन चमचे गरम पाणी घालून पावडर फुगू द्यायची आणि मग उरलेलं पाणी ओतायचं. पुढची चार-पाच मिनिटं आपल्या हातात काही नसतं. पेल्याच्या तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क आधीच घातलेलं असतं. त्या पिवळसर पांढऱ्या थरावर काळे थेंब पडत राहतात आणि तरी दोन रंग वेगळेच राहतात, कारण दूध जड आणि कॉफी हलकी. चमच्याने तळापासून ढवळावं तेव्हा कुठे ते एक होतात. मग ते सगळं बर्फाने भरलेल्या ग्लासात ओतलं की झाली ‘का फे सुआ दा’. दक्षिण व्हिएतनाममध्ये तिला असं म्हणतात. उत्तरेत, हनोईकडे, तीच कॉफी ‘नाउ दा’ म्हणून मागवायची.

उन्हाळ्यात आमच्या घरी ह्या कॉफीचं आइस्क्रीम होतं. कॉफीचं आइस्क्रीम ही काही नवी गोष्ट नाही. पण बाजारात त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक वेळा दुधाचं आइस्क्रीम असतं, त्याला कॉफीचा नुसता वास लागलेला असतो. गोड, गुळगुळीत, कुणालाच न खटकणारं. व्हिएतनामी कॉफीत कडू पुरतं कडू असतं आणि गोड पुरतं गोड, आणि दोघांपैकी कुणी माघार घेत नाही. मला आइस्क्रीममध्ये नेमकं तेच हवं असतं. त्यासाठी ज्या दोन वस्तूंकडे कॉफीतले आणि आइस्क्रीममधले जाणकार सहसा नाक मुरडतात, त्यांच्याकडे आदराने बघावं लागतं. एक रोबस्टा ही कॉफीची जात, आणि दुसरं डब्यातलं दूध.

कॉफीच्या जगात अरेबिका लाडकी. तिचा सुगंध, तिची फळांसारखी आंबटसर छटा, ती किती उंचीवर पिकली, ह्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. रोबस्टा मात्र इन्स्टंट कॉफीच्या बरणीत आणि स्वस्त मिश्रणांत भर म्हणून जाते. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, वजनाच्या दोन ते अडीच टक्क्यांच्या आसपास. साखर आणि तेल त्या मानाने कमी. म्हणून ती कडू लागते, जिभेवर जड लागते. पण हेच कॅफीन झाडाला किडीपासून वाचवतं. तांबेरा ह्या पानांवरच्या बुरशीच्या रोगालाही हे झाड अरेबिकापेक्षा कितीतरी चिवटपणे तोंड देतं. सिलोनमध्ये १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या अरेबिकाचे मळे उजाड झाले. आज आपण ज्याला श्रीलंकेचा चहा म्हणतो, तो त्या उजाड मळ्यांच्या जागी आला. रोबस्टा अशा संकटात उभी राहते. सखल, उष्ण, दमट जागी वाढते. तिचा कडूपणा हा तिच्या तगून राहण्याचा भाग आहे, असं मला वाटतं, आणि म्हणूनच तो झाकायला मन घेत नाही.

व्हिएतनाममध्ये कॉफीचं झाड आलं ते १८५७ साली, फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्यांबरोबर. मळे मोठे झाले ते पुढे, मध्य पठारावर, बुओन मा थुओत ह्या गावाच्या आसपास. तिथली माती ज्वालामुखीच्या खडकातून झालेली, तांबडी. तरीही आज आपल्याला माहीत असलेला कॉफीवाला व्हिएतनाम फ्रेंचांनी घडवला नाही. त्याची एक बाजू तर थेट पूर्व जर्मनीशी जोडलेली आहे आणि मला ती सगळी कथाच फार विलक्षण वाटते.

जुलै १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याचं हिमदव पडलं, कॉफीचे मळे जळाले आणि जगभर भाव कडाडले. पूर्व जर्मनीकडे परकीय चलन बेताचं. १९७७ मध्ये तिथल्या सरकारने स्वस्त कॉफीऐवजी एक मिश्रण बाजारात आणलं, त्यात जेमतेम निम्मी कॉफी आणि बाकी राय, बार्ली, चिकोरी, वाटाणे असलं काहीबाही. लोक भडकले. सरकारला कळून चुकलं की भाकरीइतकीच कॉफीही सांभाळायला हवी. मग १९८० मध्ये व्हिएतनामशी करार झाला. पूर्व जर्मनी पैसा, यंत्रं, खतं, तंत्रज्ञ देणार आणि व्हिएतनाम मध्य पठारावर कॉफी लावणार. पुढची २० वर्षं निम्मं पीक जर्मनीला. पण कॉफीच्या झाडाला घाई ठाऊक नसते. लावल्यापासून पुरतं पीक हाती यायला वर्षं जातात. भरघोस पीक यायला लागलं १९९० च्या सुमाराला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनी नावाचा देशच उरला नाही.

झाडं उरली. १९८६ च्या ‘दोई मोई’ ह्या आर्थिक सुधारणांनंतर शेतकऱ्याला स्वतःच्या हिशेबाने पिकवायची मोकळीक मिळाली होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल जगातला दुसरा मोठा कॉफी पिकवणारा देश झाला, आणि रोबस्टात तर पहिला. ह्याची किंमतही पडली. पठारावरची जंगलं गेली, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एदेसारख्या जमातींच्या जमिनींवर बाहेरून आलेली माणसं वसली. बाजारात कॉफी इतकी झाली की २००१ च्या सुमाराला जगभर भाव कोसळले. त्याची झळ आपल्याकडे कोडगू आणि वायनाडच्या मळेवाल्यांनाही चांगलीच बसली. पेल्यातल्या त्या काळ्या थेंबांमागे एवढं सगळं आहे. कुणी रोबस्टाला हलकी म्हणतं तेव्हा मला हे सगळं आठवतं आणि राग येतो.

आता दूध. अमेरिकेत गेल बोर्डेन ह्या माणसाने दूध आटवून टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते १८५६ साली. साखर घालून आटवलेल्या दुधात साखरेचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर असतं. ती साखर पाण्याला असं धरून ठेवते की जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. त्यामुळे बंद डबा फ्रीजशिवाय उष्ण हवेत महिनोन्‌महिने टिकतो. व्हिएतनाममध्ये दुभत्या गाई पाळायची जुनी परंपरा नव्हती, हवा अशी की ताजं दूध दुपारपर्यंत नासावं. फ्रेंचांना कॉफीत दूध हवं होतं, ते डब्यातून आलं. फ्रेंच गेले, डबा राहिला. आज तिथल्या वाण्याकडे ‘ओंग थो’चे डबे रचलेले दिसतात, त्यांच्यावर काठी घेतलेला, पांढऱ्या दाढीचा, दीर्घायुष्याचा म्हातारा असतो. ते करणारी विनामिल्क ही कंपनी १९७६ मध्ये, युद्ध संपल्यावर, दक्षिणेतले जुने दूध कारखाने ताब्यात घेऊन उभी राहिली.

म्हणजे दोन्ही वस्तू मुळात अडचणीतून आलेल्या. ताजं दूध नाही म्हणून डब्यातलं. अरेबिकाला मानवेल एवढी उंची फारशी नाही म्हणून रोबस्टा. पण एकत्र आल्यावर त्या कुणाची जागा भरून काढत नाहीत. नाजूक अरेबिका त्या दुधात बुडून जाते, आणि साधं दूध रोबस्टापुढे पांगळं पडतं. ही दोन्ही एकमेकांना पुरून उरतात. आज तिथे ताजं दूध सगळीकडे मिळतं, तरीही कॉफीत डब्यातलंच पडतं, ह्याचं कारण मला तरी एवढंच दिसतं.

हनोईच्या जुन्या पेठेत मी फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. समोरून स्कूटरींचा लोंढा. कॉफी ठिबकत होती आणि मी झाकण उचलून पुन्हा पुन्हा आत बघत होते, तेव्हा ठेला चालवणाऱ्या आजींनी दुरूनच हाताने ‘थांब’ अशी खूण केली. शेजारचे दोघेजण सूर्यफुलाच्या बिया फोडत बोलत बसले होते. त्यांचे फिन केव्हाच रिकामे झाले होते, पण त्यांना कसली घाई दिसत नव्हती. त्या पेल्यात जो पहिला घोट मिळाला त्यात आधी कडू आलं, मग गोड, आणि शेवटी पुन्हा कडू. भाजताना कॉफीत लोणी आणि साखर घालायची तिथे जुनी रीत आहे. त्यामुळे दाण्यांना काळी चकाकी येते आणि घोटात जळक्या साखरेचा, कोकोचा एक खोल वास येतो.

त्याच पेठेत न्गुएन हू हुआन रस्त्यावर ‘कॅफे झांग’ आहे. एका चिंचोळ्या बोळातून आत जायचं. न्गुएन वान झांग हे मेट्रोपोल हॉटेलात पेयं बनवायचे. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा त्यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला आणि ‘का फे चुंग’ म्हणजे अंड्याची कॉफी जन्माला आली. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या छोट्या कपात ती देतात. वर पिवळा, दाट फेस आणि खाली काळी कॉफी. चमच्याने वरचा फेस खाताना माझ्या मनात पहिल्यांदा आइस्क्रीम आलं. कारण फ्रेंच पद्धतीच्या आइस्क्रीमचा पायाही तोच असतो: बलक, साखर, दूध, मंद आच. एका अर्थाने झांग ह्यांनी तेव्हाच अर्धं काम करून ठेवलं होतं.

तरी माझ्या आइस्क्रीममध्ये अंडं नसतं. डब्यातल्या दुधात आधीच इतकी प्रथिनं असतात की चरबी आणि पाणी बांधून ठेवायला बलकाची गरज उरत नाही, आणि बलकाचा वास रोबस्टाच्या आड येतो. ज्याला अंड्याचं करायचं त्याने अवश्य करावं, तेही सुंदर होतं. पण मला इथे मधे तिसरं कुणी नको असतं.

माझं प्रमाण असं. कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा. छोटा डबा मिळाला तरी फार बिघडत नाही. २५ टक्के चरबीचं फ्रेश क्रीम ४०० ग्रॅम, म्हशीचं दूध १५० मिली, कडक कॉफी १५० मिली आणि मीठ दोन चिमटी. साखर वेगळी अजिबात नाही. हिशेब केला तर ह्या सगळ्यात साधारण १३ टक्के चरबी बसते, १६ टक्क्यांच्या आसपास साखर आणि दुधातले इतर घन पदार्थ ११-१२ टक्के. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची चरबी किमान १० टक्के लागते, नाहीतर पाकिटावर नुसतं आइस्क्रीम असं लिहिता येत नाही. वनस्पती तेल वापरलं तर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावं लागतं. ही पाकिटं खरेदी करताना जरूर वाचावीत. ज्याला आपण वर्षानुवर्षं आइस्क्रीम म्हणत आलो त्यातलं बरंच काही दुधाचं नसतं.

कॉफीसाठी ६० ग्रॅम पावडर लागते. फिन छोटा असतो, म्हणून तीन खेपा कराव्या लागतात: दर खेपेला २० ग्रॅम पावडर आणि ९० मिली पाणी. भिजलेली पावडर स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणून खाली हाती येतं ते साधारण ५० मिली. घरी फिन नसेल तर दाक्षिणात्य फिल्टर चालतो, आणि नुसता चालतो असं नाही, चांगला चालतो. तोही धातूचाच, तोही ठिबकणारा, त्यालाही वरून दाबायची चकती. एका खेपेत काम होतं.

एवढी कॉफी बघून लोक घाबरतात. प्यायला घेतली तर जीभ आक्रसेल अशी ती असते. पण आइस्क्रीम उणे १२-१४ अंशांवर तोंडात जातं आणि थंडीत चवी मंदावतात. गोड ओळखणारी जिभेवरची यंत्रणा थंडाव्यात सुस्त होते. वितळलेलं आइस्क्रीम चाटून बघितलं की ते अचानक किती गोड लागतं हे सगळ्यांनी अनुभवलंय. सुगंधाचे रेणूही गार पदार्थातून नाकापर्यंत पोचायला कुरकुरतात. त्यात चरबी कडूपणावर पांघरूण घालते. म्हणून वाटीत तयार मिश्रण चाखताना ते ‘जरा जास्तच कडू’ लागलं पाहिजे. तिथे हात आखडला की फ्रीझरमधून परत तेच बाहेर येतं, दुधाचं आइस्क्रीम, कॉफीचा वास लागलेलं.

मिठाचं थोडं सांगते. मीठ कडू चवीची धार बोथट करतं आणि गोड पुढे आणतं. व्हिएतनाममध्येच, ह्वे शहरात, २०१० साली एका छोट्या कॅफेने खारट फेसाची कॉफी काढली आणि आता ती देशभर मिळते. आइस्क्रीममध्ये मीठ जाणवता कामा नये. दोन चिमटी, बस.

कॉफी पुरती गार झाल्यावरच बाकीच्यात मिसळायची. आधी कंडेन्स्ड मिल्क आणि कॉफी एकत्र करायची, कारण ते दोघं मुळातले सोबती. मग दूध, मग क्रीम, मग मीठ. रंग इथे ओल्या मातीवर येतो. झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये. हे मुरणं टाळू नये. ह्या वेळात चरबीचे थेंब थंड होऊन अर्धवट घट्ट होतात, प्रथिनं पाणी शोषतात, आणि दुसऱ्या दिवशी घुसळताना त्यात हवा नीट धरली जाते.

आता गोठवणं. इथे मला आमच्या लहानपणचा पॉट आठवल्याशिवाय राहत नाही. मे महिन्यात पुण्यात तो भाड्याने मिळायचा. लाकडी बादली, आत धातूचा उभा डबा, डब्यात फिरणारी पाती, बाहेर हँडल. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून यायची, काका ती मोगरीने फोडायचे, आणि बादलीत बर्फाचा थर, त्यावर खडे मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. सगळ्या भावंडांनी पाळीपाळीने हँडल फिरवायचं. शेवटी ते इतकं जड व्हायचं की फक्त मोठ्या माणसांना फिरवता यायचं, आणि ‘झालं’ हे त्या जडपणावरून ठरायचं. त्या मिठाचं काम तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं. नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि तिथेच अडून राहतो. आइस्क्रीमचं मिश्रण गोठवायला तेवढी थंडी पुरत नाही. मीठ घातलं की बर्फ त्याहून खालच्या तापमानाला वितळायला लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या डब्यातून ओढून घेतो. मीठ-बर्फाचं प्रमाण नेमकं जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत जाता येतं.

मला आवडतं ते पुढचं. जे काम बादलीत मीठ करतं, तेच काम डब्याच्या आत साखर करते. कंडेन्स्ड मिल्कमधली साखर पाण्याला सहजासहजी गोठू देत नाही. थोडं पाणी बर्फ होतं, उरलेल्या पाण्यात साखर आणखी दाट होते, आणि ते दाट पाणी गोठायला आणखी थंडी लागते. त्यामुळे उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येही आइस्क्रीममधलं थोडं पाणी पाकाच्या रूपात द्रवच राहतं, आणि म्हणूनच त्यात चमचा जातो. साखर कमी केली की वीट होते, वाढवली की गोळा बसतच नाही. डब्यातल्या दुधात ती साखर आधीच विरघळून, दुधाशी एकजीव होऊन आलेली असते. कॉफीसाठी जो डबा नाइलाजाने आला, तो आइस्क्रीमसाठी जणू मोजून केलेला निघतो. हे पहिल्यांदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता.

पॉट आता सहज मिळत नाही. घुसळायचं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर मिश्रण पसरट स्टीलच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं, कडा घट्ट आणि मध्य मऊ झाला की काढून मिक्सरमधून फिरवायचं, परत ठेवायचं, आणि तीन-साडेतीन तासांनी पुन्हा एकदा. फिरवण्याचा हेतू बर्फाचे कण बारीक ठेवणं हा. ते मोठे झाले की दातांखाली करकरतात. पसरट डबा अशासाठी की मिश्रण जितकं लवकर गोठेल तितके कण लहान राहतात. वरून बटर पेपर चिकटवून झाकण लावायचं. तिसरी वाट म्हणजे ३५ टक्के चरबीचं दुधाचं व्हिपिंग क्रीम फुगवून त्यात कॉफी आणि कंडेन्स्ड मिल्क अलगद मिसळायचं. तेव्हा घुसळणं नको, हवा आधीच भरलेली असते. फक्त दूध वगळायचं आणि कॉफी थोडी आटवून घालायची. हे सोपं आहे, पण मला ते फार फुलफुलीत वाटतं. ह्या कॉफीला दाटपणा शोभतो.

पावडर कुठली, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. व्हिएतनामी पाकिटं आता आपल्याकडे मिळतात. पण भारतात पिकणाऱ्या कॉफीतही मोठा वाटा रोबस्टाचाच आहे. कोडगू, चिकमगळूर, वायनाडची रोबस्टा गडद भाजून मागवली तर काम सुरेख होतं. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पावडर चालेल का? चालेल, आणि त्यात काही उणं मानायचं कारण नाही. १९७५ नंतर जे व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला पोचले, त्यांना तिथे चिकोरीची फ्रेंच वळणाची कॉफी सापडली आणि घरची वाटली. ‘कॅफे दू मोंद’चा पिवळा डबा अमेरिकेतल्या कितीतरी व्हिएतनामी खानावळींत पोचला तो तसा. देश सुटलेल्या माणसांनी जी कॉफी आपली म्हणून उचलली, तिला खोटी कोण म्हणणार? मुद्दा एवढाच की चिकोरीत कॅफीन नसतं आणि तिचा कडूपणा वेगळा, गुळचट असतो. माझ्या हाताला सगळी रोबस्टाच बरी वाटते.

आईचं ह्यावर वेगळं मत आहे. आमच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, भरपूर साखरेची, वर जायफळ किसलेली. आजारपणात, जागरणाला, परीक्षेच्या रात्री, पाहुण्यांना. मिश्रण चाखून ती दरवेळी म्हणते, “अगं, थोडं जायफळ घाल. कडूपणा पळेल.”

“पळायला नकोय ना, आई.”

“मग खायचं कशाला?”

जायफळाबद्दल मला अतोनात प्रेम आहे. पण ते ह्या आइस्क्रीममध्ये आलं की पहिल्या चमच्यातच पेला हनोईतून उठून आमच्या स्वयंपाकघरात येतो, आणि रोबस्टाचं बोलणं ऐकू येईनासं होतं. म्हणून तिच्यासाठी थोडं मिश्रण मी वेगळं काढते, त्यात कॉफी निम्मी आणि जायफळ तिच्या हाताचं. ते वेगळं आइस्क्रीम आहे, चांगलं आहे, त्याला मी व्हिएतनामी म्हणत नाही.

वाढताना डबा दहा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवते. वर चॉकलेट नको, बदामाचे काप नकोत, सॉस तर नकोच. फार तर फिनमधून ताज्या ठिबकलेल्या गरम कॉफीचा एक चमचा वरून. आणि एक गोष्ट मनापासून सांगते: ६० ग्रॅम रोबस्टातलं बहुतेक कॅफीन ह्या डब्यात उतरलेलं असतं. १०० ग्रॅमच्या एका वाटीत साधारण एक कप कडक कॉफीएवढं. लहान मुलांना हे देऊ नये, आणि मोठ्यांनीही रात्री जेवणानंतर खाऊ नये. दुपारी चारला खावं. मागच्या आठवड्यात आईने तिची जायफळाची वाटी संपवली आणि मग माझ्या वाटीतला एक चमचा घेतला, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि विचारलं, “ह्यात कॉफी किती घातलीस म्हणालीस?”

“साठ ग्रॅम.”

“माझ्यात पुढच्या वेळी चाळीस घाल,” ती म्हणाली. “जायफळ राहू दे.”